शकुची वाकळ आणि पश्चिमेची काच

आमच्या शकुची झोप गेली ती नव्या घरात राहायला गेल्यावर. आधी घाटकोपरच्या टेकाडावर तिची एका दाराची, बिनखिडकीची खोली होती. मागं दुसऱ्याची भिंत, वर दुसऱ्याचा पोटमाळा. बाहेर नळावर बाया कचाकचा भांडायच्या, पोरं शिट्ट्या मारायची, आणि ह्या सगळ्यात शकु दार ढकलून अशी झोपायची की ढोल वाजवला तरी हलायची नाही. रात्रपाळीची आया ती, तिथल्याच एका छोट्या हॉस्पिटलात. सकाळी घरी यायचं, चहात भाकरीचा तुकडा बुडवून खायचा आणि अंधाऱ्या खोलीत वाकळ अंथरून पडायचं. बीडकडनं लग्न होऊन आली तेव्हापासून हेच. मुंबईत केस पांढरे झाले, पण तिनं 'माझं-तुझं'ला 'मपलं-तुपलं' म्हणणं सोडलं नाही आणि वाकळ सोडली नाही. जुन्या लुगड्यांची, थरावर थर घालून आईनं शिवलेली. अंगाखाली ती नसली की तिला परक्या घरी निजल्यासारखं वाटतं.

मग टेकाडावरच्या खोल्या पाडल्या, तिथंच टॉवर उभा राहिला, आणि चिठ्ठ्या काढल्या तेव्हा शकुच्या नवऱ्याच्या, भीमराजच्या, वाट्याला सगळ्यात वरचा मजला आला. पश्चिमेला भिंतभर सरकती काच. पाहुणे घर बघायला यायचे, काचेपाशी उभं राहून म्हणायचे, "झकास! उजेड काय, वारा काय!" शकु त्यांना चहा द्यायची. दिवसा झोपणाऱ्या बाईनं उजेड घेऊन काय करायचं?

थंडी कशीतरी निभली. जयंती झाली, बिल्डिंगीखालचा निळा मंडप उतरला, आणि ऊन पेटलं. दुपार कलली की सूर्य न बोलावलेल्या सोयऱ्यासारखा काचेत येऊन बसायचा तो मावळेपर्यंत उठायचा नाही. काचेला हात लावला तर तव्याला लावल्यागत. वरून तापलेला स्लॅब. शकु कूस बदलायची, ओला पंचा तोंडावर घ्यायची, उठून मोरीत पाय भिजवून यायची. डोळा लागला लागला म्हणेपर्यंत मानेखालची वाकळ घामानं चिकटायची.

असं झोपेला उपाशी शरीर रात्री पेशंटजवळ खुर्चीत बसलं की मान पडणारच. एकदा सलाईन संपलं, नळीत रक्त उलटं चढायला लागलं, तरी शकु पेंगतच होती. स्वरदा सिस्टरनं धावत येऊन नळी बंद केली. सिस्टर शकुच्या लेकीच्या वयाची. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणली, "मावशी, आज मी बघितलं. पुढच्या वेळी मॅडम बघतील."

हॉस्पिटल मॅडमचं. त्यांनी बघितलं म्हणजे काम गेलं. दिवसपाळीला एजन्सीच्या तरण्या पोरी भरलेल्या. रात्र गेली तर शकुला कुठलीच पाळी राहणार नव्हती.

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा लेक प्रियंका कामावरून आली होती. ती एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते, म्हणून घरी आल्यावर तिला कुणाचं ऐकवत नाही. आईसाठी तिनंच मैत्रिणीच्या घरचा जुना एसी आणून लावला होता.

"पप्पा, दुपारी एसी चालू का नाही ठेवला?"

"चालूच व्हता की." भीमराज म्हणला. "दिसभर धापा टाकीत व्हता. खोली काय गार झाली न्हाय, मीटर तेवढं पळालं."

"मग आईने काय करायचं?"

"तुपल्या आईला सांग, डोळे मिटून पडून ऱ्हायलं की येती झोप."

शकु ओट्यापासून म्हणली, "व्हय, तुमाला येती. तुमाला उभ्यानं बी येती."

भीमराज पालिकेचा चावीवाला. गल्लीगल्लीतल्या पाण्याच्या चाव्या उघडायच्या आणि बंद करायच्या, ह्यात जन्म गेला, आता निवृत्त. कसलीही अडचण आली की ती कुठंतरी बंद करून सुटेल, असं त्याला आजही वाटतं.

"एसीची चूक नाहीये, यार," प्रियंका म्हणली. "काचेतून एवढी गरमी आत येते ना, ती बाहेर फेकण्यातच त्याचा जीव जातो. आधी खिडकीला चांगला पडदा लावायचा, मग एसी. बिल पण कमी येईल."

"बापाला यार म्हनती व्हय गं?"

"पप्पा, मुद्दा पडदा आहे."

रविवारी सकाळी शकु ड्यूटीवरून सुटली ती तशीच, न झोपता, प्रियंका आणि भीमराजबरोबर दुकानात गेली. स्टेशनजवळचं पडद्यांचं दुकान, आत बर्फासारखं गार. दुकानदाराचा मुलगा मिहिर गल्ल्यावरून उठून आला आणि एकेक दोरी ओढून दाखवायला लागला. हा गुंडाळायचा, हा जाळीचा, हा बांबूचा, हा काळाकुट्ट, ज्यातून उजेडाचा ठिपका येत नाही. शकु प्रत्येकाला बोटांनी चोळून बघायची, लुगडं घेताना बघतात तसं.

"उजेड अडवला म्हणजे गरमी अडली असं नाही हां, काकी," मिहिर म्हणला. "काळा पडदा स्वतःच तापतो. तुम्हाला हा पाहिजे." त्यानं एक घडीचा पडदा खाली सोडला. कडेनं बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं. "ह्या घरांत हवा कोंडलेली असते. तीच गरमीला अडवते."

शकु म्हणली, "मपल्या घरात बी हवा कोंडलेलीच हाय की रं. ती का न्हाय अडवत?"

मिहिर हसला. "खरं सांगू? सगळ्यात भारी काम काचेच्या बाहेरून लावलेला पडदा करतो. ऊन काचेला लागलंच नाही पाहिजे. एकदा काच तापली की आतला पडदा अर्धीच लढाई लढतो."

"बाहेरून सोसायटी लावू देत नाही," प्रियंका म्हणली. "आमचे सेक्रेटरी खालच्याच मजल्यावर आहेत. साधी ताडपत्री लावली तरी नोटीस."

"मग आतून हाच. पण दुपारी वरून थोडा..."

त्याचं बोलणं तिथंच राहिलं, कारण शकु झोपली होती. दुकानात नमुन्याला एक खोटी खिडकी केली होती, मागं ट्यूबलाईट लावून. तिच्यावर तोच घडीचा पडदा सोडलेला, आणि त्याच्याखाली गिऱ्हाइकाच्या खुर्चीत शकु. तोंड उघडं, चपला पायातून निसटलेल्या, हातात जाळीच्या पडद्याचा तुकडा. घोरायला लागली.

"आई!" प्रियंकानं दंड धरला.

"झोपू द्या," मिहिर हळू आवाजात म्हणला. "आज तसं पण गिऱ्हाईक नाहीये."

भीमराज बायकोकडं बघत राहिला. घरात हिला पापणीला पापणी लागत नव्हती आणि इथं, भर दुकानात, परक्या पोरासमोर, ही डाराडूर. त्याच्या डोक्यात चावी फिरली.

"ह्योच द्या," तो म्हणला. "ज्याच्याखाली झोप लागली, त्योच."

दुकानातला गारवा पडद्याचा नव्हता आणि खिडकीमागं सूर्य नव्हता, हे त्या वेळी एकाच्याही ध्यानात आलं नाही. मिहिर वाक्य पुरं करायचं विसरला आणि माप लिहायला लागला.

पडदा आला, लागला. आता पुढचं भीमराजनं गावाकडच्या पद्धतीनं केलं. आमच्याकडं घरं माळवदाची. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात सकाळीच दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, त्या थेट दिवेलागणीला उघडायच्या. आत अंधार आणि गारवा असा की म्हातारी माणसं दुपारी अंगावर पांघरूण घ्यायची. भीमराजनं तेच केलं. काच सरकवून लावली, पडदा तळापर्यंत ओढला, कडेनं उजेडाची रेघ दिसत होती तिच्यावर खाकी चिकटपट्टी मारली. दाराच्या फटीत पोतं कोंबलं. एसी बंद. पडदा घेतल्यावर आता त्याचं काय काम?

"झोप आता राणीसारखी," तो म्हणला आणि स्वतः खाली पाराकडं गेला.

अंधार झाला खरा. शकुला पहिल्यांदा वाटलं, आली आपली जुनी खोली. पण दुपारनंतर स्लॅबची धग वरून उतरायला लागली, काच पडद्यामागं तापली, आणि खोलीतली हवा पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी झाली. ही मुंबईची हवा, ओली. गावाकडं घाम येतो आणि वाळतो. इथं येतो आणि राहतो. शकुनं सलग सगळी दुपार त्या अंधारात डोळे उघडे ठेवून काढली. वाकळ पिळली असती तर पाणी निघालं असतं.

संध्याकाळी प्रियंका दार उघडून आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. "पप्पा, हे घर आहे की गोडाऊन?"

"ऊन आलंय का आत? सांग, आलंय का?"

"ऊन नाही आलं. आई शिजली."

"एक-दोन दिवस लागत्यात अंगवळणी पडायला."

शकु ड्यूटीच्या तयारीला लागली. भांडायला सुद्धा झोप झालेली लागते. आठवडा तिनं असाच काढला, आणि एका पहाटे ड्यूटी संपता संपता कॉटच्या कठड्याला डोकं टेकवून झोपली. पेशंट पाणी मागत होता. मॅडम राउंडला यायच्या आत स्वरदा सिस्टरनं तिला हलवलं. "मावशी, मी किती वेळा उठवू तुम्हाला? आता मला सांगावं लागेल हो."

त्या दिवशी शकु घरी आली ती चहासुद्धा न घेता मोरीत गेली. वाकळीला घामाचा आंबूस वास सुटला होता. तो तिला सहन होईना. तिनं वाकळ बादलीत बुचकळली, साबण लावला, पायांनी तुडवली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. कुणाला शिव्या देत होती, भीमराजला की सूर्याला, तिचं तिला ठाऊक. वाकळ वाळवायची तर खिडकीबाहेरच्या दांड्यांवर. तिनं चिकटपट्टी टराटरा फाडली, पडदा वर ओढला, काच सरकवली आणि ती ओली, जड वाकळ बाहेर टाकली. दोन दांड्यांवर पसरून खाली काचेच्या तळापर्यंत लोंबली. काच परत लावायचं त्राण उरलं नव्हतं. पडदा अर्ध्यात सोडला, दोरी हातातून निसटली, आणि शकु उघड्या फरशीवरच आडवी झाली.

भीमराज पेपर वाचून वर आला. उघडी खिडकी बघून बोलणार होता, पण बायको निश्चल पडलेली दिसली. जवळ जाऊन वाकला. श्वास चालू होता. मग तोही भिंतीला टेकून बसला, जरा वेळ.

शकुला जाग आली तेव्हा समोरच्या टॉवरमधे दिवे लागले होते. तिला कळेना सकाळ की संध्याकाळ. मग कळलं आणि ती ओरडलीच, "आवं! उठा! पाळी सुरू झाली आसंल मपली!"

भीमराज फरशीवर घोरत होता.

तोंडावर पाणी मारून, तशाच चुरगळलेल्या साडीवर एप्रन घालून ती हॉस्पिटलात पोचली. स्वरदा सिस्टर दारातच. "मावशी, हे काय? पाळी बदलून गेली. दिवसवाली थांबून कंटाळली."

"झोपले व्हते, सिस्टर."

"झोपला होता? घरी?"

"घरी. दुपारभर."

सिस्टरनं तिच्या डोळ्यांकडं बघितलं. लाली नव्हती. "जा, कोपऱ्यातल्या आजोबांचं डायपर बदलायचंय," ती म्हणली, आणि मॅडमना सांगायचं ते राहिलं.

दुसऱ्या सकाळी प्रियंकानं खिडकीपाशी उभं राहून हिशोब लावला. "दुकानवाला बोलला होता ना, ऊन काचेला लागलंच नाही पाहिजे. वाकळीने अडवलं. आणि काच उघडी होती म्हणून गरमी कोंडली नाही. 'वरून थोडा...' म्हणून तो थांबला ना, तो उघडा ठेवा असंच सांगत असणार."

भीमराज छताकडं बघून म्हणला, "माळवदाला वर सवणं असतंय." धाब्याला मधोमध एक भोक ठेवलेलं असतं, त्याला सवणं म्हणायचं. धूर जातो, उजेड येतो, तापलेली हवा वरून निघून जाते. घर कितीही बंद केलं तरी सवणं कुणी बुजवत नाही. "ते मपल्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाय."

"आणि पडदा वाया गेला का?" शकुनं विचारलं.

"नाही ना. फार उकडलं तर वाकळ राहू दे बाहेर, काच लाव, तो खाली सोड आणि थोडा वेळ एसी लाव. आता तो धापा टाकणार नाही."

आता रोजचं असं चाललंय. वाळत घातलेल्या कपड्याला सोसायटीची नोटीस येत नाही. फक्त खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी, अनंत परब, मालवणकडचे, एकदा जिन्यात आडवे आले.

"वयनी, ही गोधडी रोज रोज कित्याक धुतत? सगळा पाणी माझ्या खिडकीत येता."

"गोधडी न्हाय, भाऊ. वाकळ."

"ता कायव असांदे. पाणी येता मां?"

"घाम लई येतो वो मला," शकु म्हणली. "पिळून घालत जाईन."

म्हणून आता रात्रभर जागून आल्यावर, झोपायच्या आधी, तिला एक काम वाढलंय. ओली वाकळ पिळणं म्हणजे साधं नाही. थरावर थर, रेड्याचं कातडं ओढल्यागत. एकटीच्यानं होत नाही. मोरीच्या उंबऱ्यावर भीमराज एक टोक धरतो, आत शकु दुसरं.

"उलटं कुठं फिरवताय? चावी हाय का ती?"

"तू सरळ धर की. तुपल्याकडनं सुटतंय."

"मपल्या हातात रात्रभर पेशंट व्हतं, वाकळ न्हाय."

पाणी बादलीत पडतं. मनगटं भरून येतात. मग ती खिडकीपाशी जाते, वाकळ दांड्यांवर टाकते, कोपरे ओढून सारखे करते. पाठ टेकायला फरशीच. वाकळ बाहेर असल्यावर अंगाखाली काय घालणार? परक्या घरी निजल्यासारखं वाटतं, पण झोप येते.