हॉर्न तर वाजत होता
पेट्रोलचा वास आला की मला बिबवेवाडीतली ती सकाळ आठवते. धाकट्या बहिणीचं साताऱ्याला रजिस्टर लग्न होतं. लग्न मान्य नसल्याने माहेरचं कुणीच जाणार नव्हतं, साक्षीदार म्हणून सही मीच करायची होती. ‘नेतो की तुला,’ असं हे स्वतःहून म्हणाले होते. आणि नेमकी आमची जुनी गाडी सुरूच होईना. शेजाऱ्यांनी पार कोपऱ्यापर्यंत धक्का मारला. हे घाम पुसत म्हणाले, ‘बॅटरी गेली.’ अहो, पण हॉर्न तर खणखणीत वाजत होता, मग बॅटरी कशी गेली? मी पदर खोचला, बॉनेट उघडलं, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डेल्कोचं झाकण काढलं, तर आत फिरणारा रोटरच नव्हता; त्याच्याशिवाय गाडी सुरू होणंच शक्य नाही. मार्केट यार्डात गाडी लावली की चोरीच्या भीतीने हे तो अंगठ्याएवढा तुकडा काढून खिशात ठेवायचे. मला ते शिकवलंही यांनीच. मी हात पुढे केला, ‘द्या.’ यांनी खिशातून काढून दिला आणि हळूच म्हणाले, ‘चार लोकांत आपलं नाव नको गं त्या लग्नात.’ तोवर वेळ टळून गेली होती. बहिणीच्या कागदावर कुणा अनोळखी चहावाल्याची सही आहे. आता आमची गाडी किल्ली फिरवताच सुरू होते, तरी बसण्याआधी माझी नजर यांच्या खिशाकडे जातेच.