काळी पाचमध्ये गाणारा भाऊ

राज्याचे तीन तुकडे होणार हे जाहीर झाले, त्या वर्षी आमच्या घरात चिंचेला बंदी होती. सरकारचा आणि चिंचेचा संबंध माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यातून जात होता. त्याला तेरावे लागले होते आणि नारायणगुड्यापासून कोठीपर्यंतच्या मराठी घरांची अशी ठाम समजूत होती, की हैदराबादेत शुद्ध मराठी कुठे उरली असेल, तर ती या मुलाच्या कंठात. बाकीचे आम्ही दखनीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ म्हणत भाजी घेत होतो, कचेरीत उर्दूत शेरे लिहीत होतो आणि शेजारणीशी तेलुगूत भांडत होतो. शुद्धतेची जबाबदारी एका मुलावर टाकली, की इतरांना मोकळेपणी बोलता येते.

तो आवाज कसा होता, हे सांगण्याचा प्रयत्न मी पुढे बरीच वर्षे कवितेत केला आणि प्रत्येक वेळी कविता वाईट झाली. पितळेच्या वाटीच्या काठावरून ओले बोट फिरवावे, तसा तो सुरू होई. आधी काहीच ऐकू येत नसे, खोलीत काहीतरी थरथरते आहे एवढेच जाणवे. मग तो वर चढे, आणि वरच्या षड्जावर पोहोचला की त्यात वय उरत नसे, मुलगा की मुलगी हेही उरत नसे. कोवळी काकडी मोडताना येतो तसा एक गार, हिरवा वास मला त्या सुराला येई. हे मी एकदा आईला सांगितले. तिने माझे कपाळ हात लावून पाहिले.

आईने त्या आवाजाची व्यवस्था गेली तीन वर्षे एखाद्या किल्ल्यासारखी ठेवली होती. सकाळी ज्येष्ठमध, दुपारी खडीसाखर आणि मिरी, संध्याकाळी कोमट पाणी. चिंच, ताक, बर्फ आणि ओरडणे या चार गोष्टी वर्ज्य होत्या. हळदीकुंकवाला गेली की बायका तिला त्या आवाजाची आई म्हणून पुढे बसवीत. पुढे बसण्याचे तिच्याकडे दुसरे कारण नव्हते, त्यामुळे पथ्य कडक होते. पहिल्या तीन वस्तूंचे भावाला फारसे काही वाटत नसे. चौथ्याचे वाटे. आमच्या गल्लीत संक्रांतीला पतंगांचा मोसम आला की प्रत्येक गच्चीवर मुले चढत, आणि कुणाचा पतंग कापला की ‘अफा’ अशी लांबलचक आरोळी देत. या शहरात पतंग कापण्यापेक्षा ती आरोळी मोठी मानली जाते. माझा भाऊ पतंगाला पटाईत होता. तो शेजारचे तीन-तीन पतंग कापी आणि मग ओठ मिटून, मांजा गुंडाळीत उभा राही. हरलेली मुले खालून विचारत, काय रे, मुका आहेस काय. सबंध मोहल्ल्यात ज्याच्या गळ्याची ख्याती होती, तो गच्चीवर मुका ठरला होता.

मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. तो गाई आणि मी पेटी वाजवी. पेटीवर गाणाऱ्याचा षड्ज कोणत्या पट्टीवर धरायचा हे ठरलेले असते. माझ्या भावाची पट्टी काळी पाच, म्हणजे पुरुषांच्या गळ्याला स्वप्नातही न परवडणारी. माझाही आवाज त्याच पट्टीत लागे, आणि तो पुढे फुटण्याची भीती नव्हती. परंतु वयात आलेल्या मुलीने मंचावर गाणे बरे दिसत नाही, असे आमच्या मराठी मंडळाचे मत होते. मुलीच्या आवाजात मुलाने गावे. ते फार बरे दिसते.

मग निरोपांचा मोसम सुरू झाला. मराठवाडा मुंबई राज्याला जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्राला मिळणार. ज्यांची गावे तिकडे होती ते नोकरदार औरंगाबाद, परभणी, नांदेडकडे निघणार आणि आमच्यासारखी, तीन पिढ्या इथल्याच कचेऱ्यांत जन्म काढलेली घरे इथेच राहणार. हा दिवस यावा म्हणून याच मंडळींनी सभा भरवून ठराव केले होते. तो जवळ येताच तीच मंडळी रडू लागली. महसूल खात्याने निरोप दिला, शिक्षण खात्याने दिला, पोलिसांनीही दिला. जाणाऱ्यांचा प्रवास रेल्वेने एका रात्रीचा होता. हार आणि डोळ्यांचे रुमाल पाहिले असते तर ते बोटीने निघाले आहेत असे वाटले असते. त्यातले कित्येक पुढे महिनाभर कोठीच्या बाजारात भेटत राहिले आणि आम्ही एकमेकांची नजर चुकवून वांगी निवडीत राहिलो.

प्रत्येक समारंभात माझा भाऊ गाई. आमच्या मंडळाचे अध्यक्ष एक वृद्ध वकील होते. त्यांना लहानथोर वकीलसाहेब म्हणत. त्यांनी या प्रसंगासाठी स्वतः एक पद रचले होते. त्यात आठ कडवी होती. पहिल्या सात कडव्यांत भूमातेचे अंग कापले जाई, रक्त वाही, लेकरे टाहो फोडीत, आणि आठव्यात सर्वांनी शांत राहावे असा उपदेश होता. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘माउली’ हा शब्द वरच्या षड्जाच्याही वर, गंधारावर जाऊन बसे. वकीलसाहेबांना गाण्यातले काही कळत नव्हते, म्हणून त्यांना सर्वांत उंच जागाच आवडे.

श्रावणातल्या एका रियाजात तो गंधार मला खरखरीत लागला. रेशमाच्या घडीत एखादा काटा राहून जावा, तेवढाच. भावाने खाकरून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी मी पट्टी अर्ध्या सुराने खाली आणली, काळी पाचवरून पांढरी सहावर, आणि आवाज पुन्हा स्वच्छ झाला. दसऱ्यापर्यंत मी काळी चारवर आले होते, दिवाळीत पांढरी पाचवर, आणि नंतर काळी तीनवर. तेच पद मी पाच पट्ट्यांत बसवले. माझे जे काही संगीतशिक्षण झाले ते या लपवाछपवीत झाले. कुणाच्याही ध्यानात आले नाही. आमच्याकडे तबला नव्हता, झांज होती, आणि झांजेला पट्टी नसते. श्रोत्यांना तर फक्त गाल दिसत. त्या गालांखाली, ओठावर, कोवळी काळी लव उमटली होती. तीही कुणाला दिसली नाही.

हे मी आईसाठी केले असे सांगितले तर ते शोभून दिसेल. मी ते माझ्यासाठी केले. त्या आवाजाशिवाय त्या घरात मला ऐकण्यासारखे दुसरे काही नव्हते. पथ्य पाळणारा तो होता आणि पथ्य लांबवणारी मी.

सर्वांत मोठा निरोप आमच्या मंडळाचा होता. कोठीजवळच्या एका शाळेच्या सभागृहात, दुपारी चार वाजता. सतरंज्यांना फिनाईलचा वास होता, हारांतला झेंडू उन्हाने कोमेजून उग्र झाला होता आणि पहिल्या रांगेत जाणारे आणि राहणारे अशी माणसे बाजू ठरवून बसली होती. माझे वडील राहणाऱ्यांत, अगदी कडेला. कोणत्या राज्यात नोकरी करणार हे त्यांना कागदावर लिहून द्यावे लागले होते. त्या दिवसापासून घरात ते जेमतेम बोलत.

मी पेटीचा भाता उघडत होते, तेव्हा भाऊ माझ्याशेजारी येऊन टेकला.

“अक्का,” तो हळूच म्हणाला, “आज वर लाव. काळी पाचवर.”

मी पेटीवरून नजर न काढता म्हणाले, कसली पट्टी, आपली नेहमीचीच तर आहे.

“मला मालूम आहे. तू खाली खाली आणतेस. मी बहिरा नाही.”

“फाटेल.”

“फाटू दे ना. संक्रांत येते आता.”

त्याच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, हिशेब होता. सर्वांच्या देखत, एकदाच, असे फाटावे की पुन्हा कुणी ज्येष्ठमध पुढे करू नये. माझ्याकडे अजून कुणी एवढे स्पष्ट काही मागितलेले नाही. मी काळी पाच दाबली. बोटाखाली ती पट्टी परक्या घरासारखी वाटली.

आणि त्या दगाबाज गळ्याने काय करावे? तो लागला. काही झालेच नव्हते, अशा थाटात लागला. पहिले कडवे, दुसरे, चौथे. माउली प्रत्येक वेळी गंधारावर जाऊन बसली आणि तिथून खाली आली ती अशी, की सभागृहातले पंखेही मला थांबल्यासारखे वाटले. काकडीचा तो वास आला. भावाचा चेहरा पडत चालला होता. तो फसवला गेला होता, आणि मी, त्याला शब्द दिलेली त्याची बहीण, भाता मारता मारता प्रार्थना करीत होते, की हे असेच राहू दे, आणखी एक कडवे, आणखी एक वर्ष.

सातव्या कडव्यात तो फाटला. ‘माउ’ एवढे वर गेले आणि ‘ली’ कुठून तरी जमिनीखालून आली, एखादे जड कपाट ओढावे तशी. भाऊ थांबला. त्याच्या तोंडावर गेल्या तीन वर्षांत न पाहिलेले हसू यायला लागले होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेत हुंदका फुटला. मग दुसरा. वकीलसाहेब छडी टेकीत उठले आणि सभेकडे वळून, भरल्या आवाजात म्हणाले, “बघा. लेकराचा कंठ दाटून आला.”

सबंध सभागृह रडले. जाणारे रडले, राहणारे रडले, एका निवृत्त तहसीलदारांनी तर माझ्या भावाला कवटाळून घेतले, त्यामुळे त्याचे हसू त्यांच्या कोटात गेले आणि कुणाला दिसले नाही. आठवे कडवे, शांत राहावे असे सांगणारे, गायचे राहून गेले. आई पदराने डोळे पुसत चहूकडे बघत होती. पुढे बसण्याचे तिचे कारण आज दुप्पट झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब आमच्या घरी आले. वडिलांसमोर बसून, चहाची बशी हातात धरून, त्यांनी आपली योजना सांगितली. अजून दोन खाती निरोप द्यायची राहिली होती. तिथेही हेच पद व्हावे, आणि मुलाने त्याच ओळीवर, तसेच थांबावे. काल जे घडले ते शिकवून येत नाही, असे ते म्हणाले, आणि म्हणूनच ते त्याला शिकवायला आले होते.

भाऊ दारात उभा होता. तो आत येऊन त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, “काका, मला रडू नव्हतं आलं. माझा आवाज गेला. मला गाणं नक्को आता.”

ही तीन वाक्ये तीन वेगवेगळ्या माणसांनी म्हटल्यासारखी आली. एक बारीक, एक घोगरे, एक अधल्यामधल्या कुठल्या तरी पायरीवर घसरलेले. वकीलसाहेबांनी बशी खाली ठेवली. त्यांनी मुलाकडे फार वेळ मायेने पाहिले आणि मग वडिलांकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, की पोराने विभाजन मनाला फारच लावून घेतले आहे, त्याला थोडे जपा.

माझ्या वडिलांनी त्या महिन्यात पहिल्यांदाच एक सबंध वाक्य उच्चारले.

“वकीलसाहेब, त्याला मिशी येतेय, बघा तरी एकदा.”

वकीलसाहेबांनी चष्मा लावला, पाहिले, आणि त्यांना ते अत्यंत अनुचित वाटले असावे, कारण चहा तसाच टाकून ते निघून गेले. आठवड्याच्या आत अंबरपेठेत नऊ वर्षांचा एक मुलगा सापडला. त्याचा आवाज सपाट होता, पण गाल भरलेले होते. राहिलेल्या दोन्ही निरोपांत तो सातव्या कडव्याला, शिकवल्याप्रमाणे, थांबला. लोक रडले असे ऐकले. पेटीसाठी मला बोलावणे आले होते. माझे डोके दुखत होते.

आईने ज्येष्ठमधाची बरणी उतरवली नाही. ती फडताळात तशीच राहिली. दुपारी घरात कुणी नसले की मी काळी पाच दाबून त्यावर माझा आवाज धरून पाही, हलकेच, भिंतीला ऐकू जाईल एवढा. सूर लागे. काकडीचा वास मात्र येत नसे. तो त्याचाच होता, आणि त्याचा आवाज फुटणार असल्यामुळेच तसा होता, हे मला तेव्हा मान्य करायचे नव्हते.

संक्रांतीच्या सकाळी मी गच्चीवर वाळवण घालायला गेले. भाऊ कठड्यावर पाय देऊन उभा होता. गालात चिंचेचे बुटूक होते, हातात मांजा. समोरच्या घराचा लाल पतंग डोलला, तुटला आणि नारायणगुड्याच्या छपरांवरून वाहत चालला. भावाने चिंच थुंकली, मान मागे टाकली आणि तोंड उघडले. जे बाहेर आले ते कर्कश होते, दोन ठिकाणी तुटले, बाजूच्या गच्चीवरची कबुतरे उडाली.

“अफा.”

मग त्याने माझ्याकडे वळून पाहिले, गाणे झाल्यावर पाही तसे, कसे झाले ते विचारीत.

मी म्हणाले, छान. पट्टी कोणती होती ते मला ओळखता आले नाही.