मामा मुकुट उतरवत नाहीत

चमकणाऱ्या वस्तूंवर आमच्या मामांइतका जीव असलेला माणूस अख्ख्या कळंब तालुक्यात शोधून सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. बाजारात गेलेली माणसं ज्वारीचा भाव विचारतात. मामा बांगड्यांच्या पेटीपुढे उभे राहतात. लग्नात सगळे नवरा-नवरीला बघतात. मामांची नजर बँडवाल्याच्या टोपीवरच्या टिकल्यांवर असते. एकदा एसटीत कंडक्टरच्या अंगठीतला खडा बघता बघता ते तेरला उतरायचे ते उस्मानाबादला उतरले. मामींनी जाब विचारला, तर म्हणाले, "आगं, पुष्कराज होता." जणू पुष्कराज असल्यावर दुसरं काय करणार.

अशा माणसाने स्वतःसाठी मुकुट केला नसता तरच नवल. बुद्धपौर्णिमेला आमच्या बौद्ध वस्तीत सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं नाटक होतं आणि सिद्धार्थ कायम मामाच. मुकुट डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचा, त्यावर चहाच्या पुड्यांतली चांदी, फुटक्या बांगड्यांची काच आणि मधोमध माणिक म्हणून सायकलच्या मागची लाल काच, सगळं बाभळीच्या डिंकाने चिकटवलेलं. खरी अडचण पहिल्या अंकाच्या शेवटी यायची. राजपुत्राने मुकुट उतरवून सारथ्याच्या हाती द्यायचा आणि रानात निघून जायचं, असं नाटकात आहे. सारथी व्हायचे दूध सोसायटीतले मापाडी. ते हात पसरून उभे राहायचे आणि मामा त्यांच्या हातावर शेला ठेवायचे, तलवार ठेवायचे, गळ्यातली माळ ठेवायचे आणि मुकुटासकट चालू लागायचे. एका वर्षी मापाड्यांनी न राहवून विचारलं, "महाराज, मुकुट?" मामा थांबले, विचार केला आणि म्हणाले, "असू दे. रानात ऊन लागंल." पुढच्या अंकात ते झाडाखाली मुकुट घालूनच तपाला बसले. नाटक बसवणारे गुरुजी पडद्यामागे कपाळ धरून बसले होते.

मग दुष्काळ आला. सगळी वस्ती खडी फोडायला जाऊ लागली. मामा, मामी, माझी आईही. घरातली कणगी रिकामी पडली, तेव्हा मामांनी तिच्यात मुकुट ठेवला. मामी म्हणायच्या, "दुसऱ्याच्या कणगीत हात घातला की दाणं लागत्यात. आमच्या कणगीत टोचतंय." खडी फोडताना एखादा दगड आतून पोकळ निघतो आणि त्या पोकळीत काचेसारखे खडे उगवलेले असतात. असा पहिला दगड मामांच्या हातोडीखाली फुटला, तेव्हा त्यांनी तो उन्हात धरला आणि सगळ्यांना हाका मारून दाखवला, "बघा, आत दिवाळी हाय." मुकादम ओरडला, पण त्या दिवसापासून बायका पदराला खडे बांधून आणू लागल्या. कुणाचा पांढरा, कुणाचा निळसर, कुणाचा नुसताच खरबरीत. मामांनी एकही परत केला नाही. मुकुट इतका जड झाला, की तालमीत त्यांची मान एका बाजूला कलू लागली.

त्या वर्षी गुरुजींनी बजावलं, "राज्य सोडता, बायको-लेकरू सोडता, आन् टोपी सुटंना? यंदा मुकुट उतरला न्हाई, तर फुडच्या साली तुम्ही पडदा वडायचा."

मामा आमच्या घरी आले आणि आईपुढे उकिडवे बसले. "अक्का, उतरवावा तर लागंलच. सोडल्याबिगर त्यो बुद्ध कसा व्हईल, येवढं मलाबी कळतंय. पण बायका आपापला खडा बघाया येणार. आन् म्या त्यो पहिल्याच अंकात पडद्याआड धाडायचा?"

"तुझं तू बघ," आई म्हणाली. "पण औंदा मुकुट घालून रानात गेलास, तर म्या उठून घरी जाईन."

पौर्णिमेला दिवेलागणीलाच नाटक सुरू झालं. बत्तीच्या उजेडात मुकुट असा लखलखला, की राजपुत्र काय बोलतोय इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "त्यो कडंचा माझा," "तुझा न्हवं, माझा," असं पुढे चाललेलं. तो क्षण आला. मापाडी हात पसरून उभे राहिले. शेला गेला, तलवार गेली, माळ गेली. मामांनी दोन्ही हातांनी मुकुट उचलला, मापाड्यांना वळसा घालून ते पुढे आले, खाली वाकले आणि पहिल्या रांगेतल्या म्हातारीच्या हातात तो ठेवला. "ज्याचं त्याला," एवढंच म्हणाले. हे काही नाटकात नव्हतं. पेटीवाल्याने नुसताच सूर धरून ठेवला. मुकुट हातोहात फिरू लागला. बायका आपला खडा बोटाने चाचपायच्या, क्षणभर डोक्यावर ठेवायच्या, लाजून शेजारणीला द्यायच्या. गुरुजी पडद्याआडून बाहेर आले होते. तेही मान उंच करून मुकुट कुठवर गेला ते बघत होते.

मुकुट आईकडे आला. मी तिच्या शेजारीच होतो. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. मला वाटलं, ती तो तसाच पुढे देईल. तिने पदर नीट केला आणि मुकुट डोक्यावर ठेवला.

"अक्का, शोभायलाय," मामा वरून म्हणाले. त्यांच्या उघड्या कपाळावर पत्र्याचा लाल वळ उमटला होता.

"तू तुझं रान गाठ," आई म्हणाली. पण तिने मुकुट लगेच उतरवला नाही. आणि मामा हात जोडून तसेच उभे राहिले. ती उतरवीपर्यंत सिद्धार्थाने घर सोडलं नाही.