रखमाआत्याच्या मतासाठी केमपर्यंत

केमला जायचं ठरलं ते एका पत्रामुळे, आणि त्या पत्रातलं अर्धं मला कळलंच नव्हतं. १९३७ सालचा फेब्रुवारी महिना. केमच्या शाळेत माझ्याबरोबर ट्रेनिंग केलेला एक मास्तर आहे. त्यानं लिहिलं होतं, "असेंब्लीच्या मतदारांची यादी आमच्या शाळेत लागली आहे. तीत तुझ्या आत्याचं नाव आहे. मतदानाला घेऊन ये."

रखमाआत्या चार वर्षांपासून सोलापुरात आमच्याकडे, नव्या पेठेतल्या दोन खोल्यांत राहत होती. केम हे तिचं सासर. तिथं तिचा नवरा वारला, मूलबाळ नाही. दिरानं सांगितलं, "वैनी, जमीन आता माझ्या नावावर चढली. तुमी भाच्याकडं जावा." ती एक गाठोडं घेऊन आली. खेड्यात मत कुणाला असतं, एवढं मला शाळामास्तर म्हणून माहीत होतं: सरकारला ठरावीक शेतसारा भरणाऱ्याला. मग जमीन गेलेल्या बाईचं नाव यादीत आलं कुठून?

पत्र वाचून दाखवलं तर आत्यानं विचारलं, "कोर्टाचं हाय का?"

"नाही गं. मत द्यायचंय."

"कुणाला?"

"जो उभा असेल त्याला."

"कोण उभा हाय?"

ते मला ठाऊक नव्हतं.

"मग जाऊन बघू की," आत्या म्हणाली आणि लुगडं धुवायला बसली.

तुम्हाला कधी केमला जायचं असेल तर सकाळची पॅसेंजर धरा. तिसऱ्या वर्गात खिडकी हवी असेल तर अर्धा तास आधी जा, आणि पाणी घरूनच न्या. मोहोळ मागं पडलं की दोन्ही बाजूंना शाळू उभा दिसतो. त्या दिवसांत कणसं इतकी भरलेली की ताटं वाकली होती. आत्या बाहेरच बघत होती. मधेच म्हणायची, "हितं पाणी लागलंय," नाहीतर, "ह्येनं पेरायला उशीर केला."

समोर एका वकिलाकडे कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ बसले होते. आम्ही मताला चाललोय म्हटल्यावर त्यांना उत्साह आला.

"पूर्वी आपला अख्खा जिल्हा मिळून एकच मतदारसंघ होता, मास्तर. कौन्सिलात माणूस जायचा तो कुठं जातो नि काय करतो, आम्हाला पत्ता नसायचा. पहिल्या खेपेला पुढारी म्हणाले, मत देऊ नका, पाप आहे. दुसऱ्या खेपेला तेच पुढारी उभे राहिले, म्हणाले द्या. मग पुन्हा म्हणाले देऊ नका. आता म्हणतात, घरटी सगळे या."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मला मतच नव्हतं! मी नुसता याद्या लिहायचो." ते हसले. "आता जिल्ह्याचे दोन तुकडे केलेत. एका तुकड्यातून एकाहून जास्त माणसं निवडायची. जितक्या जागा, तितकी मतं तुमच्या हातात. वाटा, नाहीतर सगळी एकालाच द्या."

"सगळी एकाला दिली तर बाकीच्या जागांचं काय?"

त्यांनी बराच वेळ समजावलं. मी मान हलवली, पण मला कळलं नाही. कुर्डुवाडीला ते उतरून बार्शीच्या छोट्या गाडीकडे गेले. तिथला चहा चांगला मिळतो, पण कपात पाव भाग साखर असते.

केमला मास्तर स्टेशनावर आला होता. उतरल्या उतरल्या त्यानं आम्हाला एका वावरात हुरड्याला नेलं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेले गरम दाणे, वर शेंगांची चटणी. फेब्रुवारीत त्या बाजूला गेलात आणि हुरडा न खाता परतलात तर फुकट गेलात. तिथंच आत्याचा दीर आला. फेटा, दणकट बांधा, बोलणं मऊ.

"कशाला तरास घेतला, वैनी? मताचं आमी बघितलं असतं की."

आत्यानं पदर सावरला. "बघाय आले व्हते गाव."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही शाळेत गेलो. बाहेर बैलगाड्याच बैलगाड्या. दोन उमेदवारांची माणसं दोन्हीकडून हात धरत होती, आणि दोघंही सांगत होते की पलीकडचा आधीच पडला आहे. बायका अगदी थोड्या. आत टेबलामागं चष्मा लावलेले साहेब बसले होते. त्यांनी यादीवरून बोट फिरवत वाचलं, "रखमाबाई कोम नामदेव." कोम म्हणजे अमक्याची बायको, सरकारी कागदांत असंच लिहितात. बोट तिथंच थांबलं.

"यांचं मत सकाळीच झालंय."

"मी तर आत्ता आले," आत्या म्हणाली.

"बाई, इथं खूण आहे. रखमाबाई येऊन गेली."

साहेबांनी ओळख पटवायला तलाठ्याला बोलावलं. तलाठ्यानं आत्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या दिराकडे, मग जमिनीकडे.

"खऱ्या रखमाबाई ह्याच," तो शेवटी म्हणाला. "खातं ह्यांच्या नावावर हाय. त्यावरनंच यादीत नाव आलंय."

"कुणाच्या नावावर?" आत्यानं विचारलं.

"तुमच्या. नामदेवच्या माघारी तुमचंच लागलंय. सारा दीर भरतोय, पर नाव तुमचं."

"म्हंजी जमीन माझी हाय?"

"हाय की."

दीर पुटपुटला, "माझ्या नावावर चढवायचं ऱ्हाऊन गेलं…" त्या खोलीत बरीच माणसं होती, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं.

तेवढ्यात बाहेरच्या लिंबाखालून आत्याची जाऊ, ह्याच दिराची बायको सखू, आत आली.

"मत मी टाकलं," ती साहेबांना म्हणाली. "ह्यांनी नाव सांगितलं, मी तसंच बोलले. मला वाटलं, घरातल्या बायांचं मिळून एकच नाव लिवत्यात."

"हा गुन्हा आहे, कळतंय का?"

सखूला कळत नव्हतं. मलाही तिच्याकडे पाहून गुन्हा नेमका कुणाचा, ते कळेना.

"तिला काय करू नगा, सायेब," आत्या म्हणाली. "सांगितलं तसं केलं तिनं. पर मला माझा मताचा कागद द्या."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उलटंपालटं केलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दुसरा कागद देता येतो. पण तो पेटीत पडणार नाही. वेगळ्या पाकिटात ठेवायचा. मोजणीत धरत नाहीत."

"पर माझाच न्हवं?"

"तुमचाच."

आत्यानं अंगठा दिला. साहेबांनी हलक्या आवाजात तिला नावं वाचून दाखवली, तिनं तशाच हलक्या आवाजात आपली मतं सांगितली. सखूबद्दल ते एवढंच म्हणाले की कुणी लेखी तक्रार केली तर बघू. कुणी केली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"त्ये सांगायचं नसतंय. पर सगळी एकालाच दिली. वाटण्या लई बघितल्या मी."

दुपारच्या गाडीत खायला मी दोघांची दशमी बांधून घेतली. आत्या मात्र स्टेशनाकडे न वळता गावात शिरली. नवऱ्याच्या वाटणीच्या खोलीत कडबा भरला होता. सखू तो बाहेर काढत होती. आत्यानं पदर खोचला आणि पेंढ्या उचलायला लागली.

"तू जा, गणू. मी हितंच ऱ्हाते."

"दिराशी जमेल का तुझं?"

"न जमाय काय झालं? मी काय त्याच्या घरात ऱ्हाते?"

दीर ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही, पण नाही म्हणाला नाही.

परतीच्या गाडीत मी दशमी एकट्यानंच खाल्ली. घरी बायकोनं दारातच विचारलं, "आत्या कुठायत?" मी सांगायला लागलो: मत दिलं पण ते धरलं नाही, जे धरलं ते तिनं दिलं नाही, आणि जमीन गेलेली नव्हतीच. दोनदा सांगूनही मला ते सरळ सांगता आलं नाही. चार वर्षं मी एकदाही केमला जाऊन खातं पाहिलं नव्हतं. ते का पाहिलं नाही, हेही मला तिला सांगता आलं नाही.

निकाल वर्तमानपत्रात आला तेव्हा केमच्या मतदारसंघाचे आकडे मी बराच वेळ पाहत बसलो. त्यात सखूचं मत होतं, आत्याचं नव्हतं. निवडून आलेल्यांची नावं मी पोस्टकार्डावर लिहून पाठवली.

उत्तर मास्तराच्या अक्षरात आलं, शब्द आत्याचे: "निकाल समजला. हरभरा काढून झाला. शाळूला माणसं लावली आहेत. सखू बरी आहे, रोज माझ्याबरोबर रानात येते. पुढच्या खेपेला यादीत तिचं सोताचं नाव कसं घालायचं, ते तिथल्या सायेबाला विचारून कळव."

मी दोन कचेऱ्यांत विचारून आलो. एका ठिकाणी म्हणाले, नवऱ्याचा सारा बघावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, तिला लिहिता-वाचता आलं तरी चालेल. दोन्ही लिहून कळवलं. परवा उलट कार्ड आलं, त्यावर एकच ओळ होती: पाटी आणि पेन्सिल धाडून दे.