तिसरं पिल्लू

आमच्या घरी गेली चार वर्षं अशा एका बगळ्याचं श्राद्ध होतं, जो कधी जन्मलाच नाही.

चूक माझी. निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला आणि झाशीजवळच्या मोठ गावच्या तळ्यावर बगळ्यांच्या घरट्याचे फोटो काढायला गेलो. सोबत माझी पत्नी कुमुद आणि तिचा थालीपिठांचा डबा. घरट्यात दोन पिल्लं होती. घरी कॉम्प्युटरवर पाहतो, तर घरट्याची उजवी बाजू ओकीबोकी! मग डावीकडच्या पिल्लाची नक्कल केली, तिचं तोंड दुसऱ्या दिशेला फिरवलं आणि ती उजवीकडे बसवली. (बगळीला अंडी उबवायला जवळजवळ महिना लागतो. मला अकरा मिनिटं लागली.)

झाशीतल्या मराठी घरांतून फोटोचं कौतुक झालं. कुमुदने तर तो देवघराशेजारी लावला.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. कुमुदने या खेपेला आणलेल्या दुर्बिणीतून पिल्लं मोजली. परत मोजली.

"अहो, एक गेलं."

मागच्या खेपेला फोटो काढून झाल्यावर तिच्या हातून डबा दगडावर पडला होता आणि बगळी दचकून उडाली होती. त्याच गडबडीत तिसरं पिल्लू पडलं असणार, असं तिने ठरवूनच टाकलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर ती रडत होती. मी म्हणालो, निसर्ग असतो असा. (हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात.)

त्या सर्वपित्रीपासून पितरांबरोबर पिल्लाचंही पान वाढलं जाऊ लागलं. पण बगळ्याचं पिल्लू वरणभात कसं खाणार? आमच्याकडे कांदासुद्धा चालत नाही. मग प्रेम नगरातले आमचे शेजारी भैयाजी मासा आणून देऊ लागले. कुमुद नाकाला पदर लावून तो कुंपणाच्या भिंतीवर ठेवी. मांजर तो नेई आणि हिला समाधान वाटे.

भैयाजींनी एकदा मला बाजूला घेतलं. "अंकलजी, ये मछली किसके नाम की है?"

"घर का ही बच्चा था," मी म्हणालो. तेव्हापासून ते माझ्याशी फार हळुवार बोलतात.

यंदा गुडघे सुजलेले असतानाही कुमुद भिंतीपर्यंत गेली. हात जोडून पुटपुटली, "बाळा, डबा माझ्याच हातून पडला रे."

मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

तिने जोडलेले हात सोडले.

"म्हणजे कुणीच मेलं नाही?"

"नाही."

तिने डोळे पुसले. मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"आणि हॉलमधला तुमचा पंचाहत्तरीचा फोटो? त्यातले केस?"

मी मान खाली घातली. ते केस जावयाचे आहेत.