जळून राहिली

कुंदाची बातमी आली तेव्हा मी तिच्यासाठी पेज करत होते. दवाखान्यातून यांचा फोन आला, ‘गेली’ एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसले. जरा वेळानं फोन पुन्हा वाजला. भिलाईतल्या आमच्या जुन्या सेक्टरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी विझलेल्या दिव्याचं चित्र टाकलं होतं आणि खाली हिंदीत लिहिलं होतं, कुंदादीदी की ज्योत बुझ गई. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी भांडकुदळ नाही, असं म्हटलं तर घरचे हसतील. पण त्या सकाळी रडू यायच्या आधी मला राग आला. कुंदानं हा मेसेज वाचला असता, तर टाकणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला तो खोडायला लावला असता.

कुंदा माझी धाकटी नणंद. मी भंडाऱ्याहून लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा ती शाळेत होती आणि क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर कोळशानं चित्रं काढायची. सासरे स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्टीवर होते; ड्यूटीवरून आले की आधी भिंत बघायचे, मग हातपाय धुवायचे. सासूबाई मात्र करवादायच्या, कारण तो कोळसा शेगडीचा असायचा. पुढे ती प्लांटच्याच ड्रॉइंग ऑफिसात लागली. दिवसभर यंत्रांचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन माणसं रंगवायची. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं की म्हणायची, “मले रिकामा वेळ कुठं हाय?” नोकरी संपल्यावर क्वार्टर सोडून आम्ही सगळे दुर्गला मोहन नगरात राहायला आलो, तेव्हा घरातली सगळ्यात उजेडाची खोली तिनं बळकावली. ती खोली मला शिवणकामासाठी हवी होती. हे भांडण आमचं शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि मिटू नये असंच दोघींना वाटायचं.

मग तो आजार आला. केस गेले, एक स्तन गेला. या सगळ्यात तिनं ते चित्र केलं. क्वार्टरचं मागचं अंगण, वर प्लांटचं तांबडं आभाळ, पुढे पेटलेली शेगडी आणि शेगडीशी बसलेली बाई. डोक्यावर एक केस नाही, हातात फुंकणी, आणि नजर सरळ बघणाऱ्यावर. मी विचारलं, नाव काय देणार? ती म्हणाली, “जळून राहिली.” शेगडी का बाई, हे मी विचारलं नाही.

त्याच सुमारास बायकांच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी मदत म्हणून एका समितीनं भिलाईच्या सिविक सेंटर बाजाराजवळच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन आणि लिलाव ठेवला. रायपूर-नागपूरचे चित्रकार चित्रं देणार होते. कुंदाला फोन आला, आप तो पेशेंट भी हैं, बहुत इंस्पायरिंग रहेगा. फोन ठेवून ती मला म्हणाली, “पेशंटचं चित्र पाहिजे असन तं माहा एक्स-रे घेऊन जा मनावं.” तरी तिनं चित्र दिलं. काम चांगलं आहे, म्हणाली, आणि भिंतही मोठी आहे.

भिंत मिळालीच नाही. आम्ही हॉलमध्ये गेलो, तर चित्रकारांची चित्रं मोठ्या भिंतीवर दिव्यांखाली, आणि कुंदाचं चहाच्या टेबलाजवळ वेगळ्या पडद्यावर. वर पाटी, ‘मरीज़ों की कला’. खाली छापील कार्डावर मराठी नाव आणि त्याचा हिंदी अर्थ : ‘जलकर रह गई’. मी शाळेत हिंदीच शिकवत आले, त्यामुळे मला लगेच कळलं : जळून गेली, संपली. कुंदानं दोनदा वाचलं. मग अगदी हळू विचारलं, “वयनी, कोनं मारलं मले?”

मारणारे गृहस्थ तिथेच होते. समितीतले, तीन पिढ्या रायपुरात राहिलेले मराठी, भाषा अशी की ऐकत बसावं. ते समजावू लागले की ‘जळून राहिली’ म्हणजे जळाली आणि तशीच राहून गेली. भाषांतर शब्दशः आहे. पुस्तकातल्या मराठीनं ते बरोबरच होतं म्हणा. आमच्या घरात मात्र पाऊस पडून राहतो, पोरं खेळून राहतात, म्हणजे ते सगळं चालू असतं. कुंदानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काका, चुलीवर वरन शिजून राह्यलं मनलं, तं तुमी ताट घेऊन बसता का वाट पाहता?” गृहस्थ मनापासून हसले, चूक झाली म्हणाले. पण कार्डं छापली गेली होती, लिलाव सुरू होत होता, आता राहू द्या म्हणाले.

तिनं राहू दिलं नाही. तिच्या चित्राची पाळी आली. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं आवाज ओला करून सुरुवात केली, एक नारी, जो जलकर… तेवढ्यात कुंदा उठली. डोक्याचा रुमाल काढून माझ्या मांडीवर टाकला, पुढे गेली आणि माइक घेतला. “जलकर रह गई नहीं. जल रही है. और किसी को दया करके लेना हो तो मत लीजिए, मेरे घर में दीवार है.” पुढच्या रांगेत एक हात वर होता, तो खाली आला. समितीचे लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी बोली लावेना… मला वाटलं, आता हे चित्र आणि ही बाई, दोन्ही रिक्षात घालून घरी न्यायचं. माझी मान खाली गेली होती. तिची नव्हती.

मागून आवाज आला. सिविक सेंटरमध्ये भांड्यांचं दुकान असलेले साहूजी उभे राहिले होते. “दीदी, ये ह मोला घूरत हे. मैं ले जाहूँ.” म्हणजे, ही माझ्याकडे टक लावून बघतेय, मीच नेतो. सगळा हॉल हसला, मग आणखी एकदोघांनी बोली वाढवली, पण साहूजींनी सोडलं नाही. कुंदानं कार्डावरची हिंदी ओळ लाल पेनानं खोडली, वर ‘जल रही है’ लिहिलं आणि मग चित्र त्यांच्या हातात दिलं.

आजार परत आला आणि या वेळी त्यानं तिला नेलं. शोकसभेत एक जण म्हणाले, कुंदाताई लढाई हरल्या. मी उठून सांगितलं, कसली हार? आजार तिच्या शरीराला झाला होता, त्याला तिच्याविषयी काही ठाऊक नव्हतं. लोकांना ते आवडलं नाही. न आवडो. मला तिची फार आठवण येते, आणि ती खोली आता मला शिवणकामासाठी नको आहे.

परवा साहूजींच्या दुकानात गेले. गल्ल्यामागे चित्र होतं, खाली ते कार्ड, आणि चित्राला झेंडूचा हार घातलेला. साहूजींचे डोळे भरून आले. मी म्हटलं, हार काढा. ते म्हणाले, “भाभी, गुज़र गईं न दीदी…” मी म्हटलं, दीदी गेली, ते मलाही कळतं. पण कार्ड वाचा. त्यांनी वाचलं. मग स्टूल ओढून वर चढले, हार काढला आणि देवाच्या तसबिरीला घातला. मी चहा घेत बसले. कुकर बघायला आलेल्या एका बाईनं चित्राकडे बघत विचारलं, नीचे क्या लिखा है? मी तोंड उघडायच्या आत साहूजी तिला अडखळत मराठीत म्हणाले, “जळून राहिली.”

“मतलब?”

“मतलब, अभी चालू है.”