ढोलीखालची बी

माझ्या कामात विष्ठा, लीद, लेंड्या असले शब्द जेवता जेवताही उच्चारले जातात आणि कुणाचा घास अडत नाही. आमच्या घरी मात्र आईचा अडतो. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत तिच्या गुलाबाच्या कुंड्या दोन कोपऱ्यांत अंग चोरून उभ्या असतात, कारण बाकी सगळी जागा मी बळकावली आहे. सह्याद्रीतले पक्षी कुठलं फळ कुठं खातात आणि त्याची बी कुठं नेऊन टाकतात, याचा मी माग काढते. पक्ष्यांनी टाकलेल्या बिया आणायच्या, कुंडीत पेरायच्या आणि कोंब आला की पानांवरून झाड ओळखायचं. नवा कोंब दिसला की मला चहासुद्धा सुचत नाही. आई म्हणते, तुझ्या लग्नात अक्षता म्हणून याच बिया टाकू.

मलकापूरच्या पुढं रत्नागिरी रस्ता सोडून आत गेलं की एका छोट्या गावाची देवराई लागते. देवीच्या नावानं राखलेलं रान. तिथं अनवाणी जायचं आणि आतली काडीसुद्धा बाहेर आणायची नाही. या राईतल्या एका जुन्या झाडाच्या ढोलीत मला धनेशाचं घरटं सापडलं. धनेशाची मादी ढोलीत शिरते, दार आपल्याच विष्ठेनं लिंपून घेते आणि फक्त चोच बाहेर काढता येईल एवढी फट ठेवते. पिलं मोठी होईपर्यंत ती आतच. नर दिवसभर फळं गोळा करून आणतो आणि फटीतून भरवतो. खाऊन झालेल्या बिया खाली पडतात. ढोलीखालचा तो सडा म्हणजे या कुटुंबाचा बाजारहाटच माझ्यासमोर मांडलेला. पहिल्या दिवशी मी तिथं गुडघ्यावर बसले ती दुपारपर्यंत उठलेच नाही.

बहुतेक बिया ओळखीच्या निघाल्या. एक मात्र निघेना. बोराएवढी, करडी, अंगावर बारीक उभ्या खाचा. अख्खी राई पालथी घातली तरी त्या बीचं झाड दिसलं नाही. म्हणजे नर ते फळ बाहेरून कुठून तरी आणत होता. घाटात मला माहीत नसलेलं एखादं झाड उभं होतं, आणि नराला मात्र त्याचा पत्ता ठाऊक होता. फोटो काढून चार जाणकारांना पाठवले, तर चौघांनी चार नावं सांगितली. डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. एक बी, फक्त एक, गॅलरीत नेऊन पेरायला मिळायला हवी होती.

देवीची पूजा करणारे गुरव वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांना मी वनखात्याची परवानगी दाखवली.

"कागद हाय ते बरं हाय," ते म्हणाले. "पर देवीला इचारलंसा काय?"

मी आडपडदा ठेवला नाही. "मामा, आम्ही बौद्ध. आमच्या घरी देव मानत नाहीत."

"तुमी मानू नका की! इचारणार म्या हाय, सांगणार ती हाय. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा."

कौल लावायचा ठरला. त्यांनी फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दगडाला लावल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग हात जोडून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "ही पोरगी एक बी मागतिया. देऊ का नगो?"

माझा यावर काडीचा विश्वास नाही. तरी मी डोळे फाडून बघत होते. उजव्या पाकळीवर उन्हाची तिरीप होती, डावी सावलीत होती. उजवी आधी वाळणार आणि गळणार, असा माझा हिशोब. काळीज मात्र परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसारखं धडधडत होतं, आणि आपलं असं का व्हावं याचं मला भारी नवल वाटत होतं.

पडली डावी.

मला रडूच येईल असं वाटलं. गुरवांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी फणस कापून पुढं ठेवला आणि खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. मी हात हलवत कोल्हापूरला परत आले.

घरी सांगितल्यावर पप्पांचा पारा चढला. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आहेत. आमच्या हॉलमध्ये बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे आणि तिच्यावरची धूळ ते दुसऱ्या कुणाला पुसू देत नाहीत.

"एवढी शिकलीस, आणि दगडानं नाही म्हटलं म्हणून गप्प बसलीस?"

"दगडानं नाही, पप्पा. गावानं."

"तेच ते. आमच्या गावच्या देवीच्या पायरीला आम्हाला हात लावू दिला नाही कधी. तुझा आजा बाहेर उन्हात उभा राहायचा. आणि तू तिची परवानगी काढतेस."

मला इतकंच कळत होतं की आजवर त्या रानाला कुऱ्हाड लागली नाही ती याच नकारामुळं, आणि तो माझ्या सोयीपुरता बाजूला सारता येणार नाही. पण वडिलांच्या नजरेत मी देवापुढं वाकले होते, आणि ते मला बीपेक्षा जास्त लागलं. शेवटी चिडून म्हटलं, "एकदा येऊन बघा, मग बोला."

ते आले. गुडघा दुखत असतानाही आले. राईच्या तोंडाशी बूट काढले, पँटचे पाय दुमडून वर घेतले आणि पुढची निसरडी उतरण बघून थबकले. गुरव पुढं झाले. "पावणं, हात द्या." पप्पांनी द्यायच्या आधीच त्यांनी तो धरला आणि बोलत बोलत त्यांना उतरवून नेलं, थेट देवीच्या दगडाजवळून ढोलीपर्यंत.

मग नर आला. फांदीवर बसला, मान झटकली आणि गळ्यातून एकेक फळ काढून फटीत देऊ लागला. "अरे, पोटातून काढतोय की काय!" पप्पा कुजबुजले. नंतर प्रश्नांची फैरच झाडली. आत हवा कशी जाते? नर मेला तर? भिंत कोण फोडतं? चाळीस पोरांच्या वर्गात त्यांना कुणी इतके प्रश्न विचारले नसतील. खाली वाकून पाला चाळत त्यांनी ती बी स्वतः शोधली, निरखली आणि जागच्या जागी ठेवली. मला फार बरं वाटलं.

परतताना मलकापुरात चहाला थांबलो. पप्पांनी पँटचे दुमडलेले पाय सोडले आणि टपकन काहीतरी खाली पडलं. करडी, बोराएवढी, खाचांची. तसलीच दुसरी एक, पाला चाळताना दुमडीत अडकलेली.

आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो. मी काही उचलली नव्हती. ती आपण होऊन आली होती. गॅलरीतली रिकामी कुंडी माझ्या डोळ्यांपुढं आली. पप्पा आता म्हणतील, घे, बघ तुझ्या देवीची गंमत. मला ते ऐकायचंच होतं, खोटं कशाला बोलू?

पप्पांनी बी उचलून तळहातावर फिरवली. "यातून काय उगवेल?"

"तेच तर माहीत नाही."

त्यांनी चहा तसाच ठेवला. "चल. गाडी वळव."

"पप्पा, कुणाला कळणारही नाही."

"मला कळलंय ना? हाताला धरून आत नेलं त्यानं मला. तुझ्या आज्याला..." ते उठून गाडीकडं निघालेसुद्धा. मी गाडी वळवली.

आम्हाला परत बघून गुरव अंगणातूनच ओरडले, "काय इसरलं?" पप्पांनी मूठ उघडून दाखवली. गुरव मोठ्यानं हसले. "पाखरं रोज नेत्यात की, पावणं! एवढ्यासाठी आलासा?" पण हसता हसता त्यांनी पुन्हा हात पुढं केला, आणि या वेळी पप्पांनी तो आपण होऊन धरला. ढोलीखाली पाला बाजूला सारून पप्पांनी बी ठेवली, वर माती लोटली आणि खुणेला मी जवळच्या मुळीला लाल दोरा बांधला. दोरा आत राहायला कुणाची हरकत नव्हती.

पावसाळ्यात तिथं कोंब आला. आता त्याला पानं आहेत, पण अजून इतकी कोवळी की झाड ओळखता येत नाही. तिथं जाऊन बसायचं, मोजायचं, फोटो काढायचे आणि रिकाम्या हातानं घरी यायचं, असं चाललंय. गॅलरीतली ती कुंडी आईनं गुलाबाला दिली.

मी राईत असले की पप्पांचा फोन ठरलेला. जेवलीस का, हा आईचा प्रश्न ते आधी उरकून टाकतात. मग विचारतात, "बरं, आपलं झाड कसं हाय?"